थ्रॉटलवरचा रिव्हर्स: लिव्हर आकडा पाठवतो की बटण?

सिम्युलेटरसाठी थ्रॉटल क्वाड्रंट, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या लिव्हरचा संच, घरी आणलं की पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त छळतो तो रिव्हर्स थ्रस्ट, म्हणजे उतरल्यावर विमान थोपवणारा उलटा जोर. टेकऑफ जमतो, चढण जमते, पण उतरल्यावर लिव्हर मागे ओढला की काहीच होत नाही. किंवा विमान पुन्हा जोर धरून पुढे पळतं. किंवा रिव्हर्स लागतो आणि मग सुटायचं नाव घेत नाही. बहुतेक वेळा दोष ना क्वाड्रंटचा असतो, ना सिमचा. दोघांचं एकमेकांशी जुळलेलं नसतं, इतकंच.

कुठलाही लिव्हर संगणकाला दोनच प्रकारे काही सांगू शकतो. एक, सतत बदलणारा आकडा. याला सिमवाले ॲक्सिस म्हणतात. दोन, दाबलं किंवा सोडलं, म्हणजे बटण. रिव्हर्ससाठी तुमचा लिव्हर यातलं काय पाठवतो आणि तुमचं विमान यातलं काय ऐकतं, हे आधी शोधायचं. ते कळलं की मेनूतलं काम पंधरा-वीस मिनिटांचं आहे. ते न शोधता मेनूत शिरलात तर अख्खा रविवार जातो.

खऱ्या विमानात मागचा जोर येतो कुठून

रिव्हर्स म्हणजे इंजिन उलटं फिरणं नव्हे. प्रवासी जेटच्या पुढच्या मोठ्या पंख्याने ढकललेली बरीचशी हवा इंजिनाच्या गाभ्यात शिरतच नाही, बाजूने मागे जाते, आणि जोराचा मोठा वाटा तिचाच असतो. रिव्हर्सर ही बाजूची वाट अडवतो आणि तीच हवा तिरकी, पुढच्या दिशेला बाहेर सोडतो. गाभ्यातून जळून निघालेली हवा तेव्हाही मागेच जात असते. एअरबस ए३२० ला सीएफएम ५६ इंजिन असेल तर आवरणात चार दारं उघडताना दिसतात. व्ही२५०० असेल, किंवा विमान बोइंग ७३७ असेल, तर आवरणाचा मागचा भाग सरकतो आणि आतली जाळी उघडी पडते.

म्हणजे वैमानिक एका हालचालीत दोन गोष्टी मागत असतो: आधी दारं उघड, मग इंजिनाचा वेग वाढव. रिव्हर्सच्या पट्ट्यात लिव्हर जितका मागे, तितकं इंजिन जोरात. हे एकदा डोक्यात बसलं की सिममधली अर्धी कोडी आपोआप सुटतात. ‘मागे ओढला तर आवाज वाढला कसा?’ हा प्रश्न मग पडत नाही.

दारं हवेत उघडली तर काय होतं ते २६ मे १९९१ ला दिसलं. लाउडा एअरचं बोइंग ७६७ बँकॉकहून निघून चढत असताना एका इंजिनाचा रिव्हर्सर आपोआप उघडला, विमान कोसळलं आणि त्यातले सगळे २२३ जण गेले. त्यानंतर रिव्हर्सरच्या यंत्रणेत आणखी एक कुलूप वाढवलं गेलं. लिव्हरही चुकून मागे जाणार नाही असाच बनवलेला असतो. ७३७ मध्ये मुख्य लिव्हरच्या पुढच्या अंगाला छोटे वेगळे रिव्हर्स लिव्हर असतात, आणि मुख्य लिव्हर आयडलला, म्हणजे इंजिन नुसतं सावकाश चालू राहतं त्या जागी, आल्याशिवाय ते उचलता येत नाहीत. ए३२० मध्ये वेगळा लिव्हर नाही. तोच लिव्हर आयडलच्या खाचेपाशी येऊन अडतो, आणि त्याच्या अंगावरची कडी बोटांनी उचलली तरच आणखी मागे जातो.

क्वाड्रंट बनवणारे या दोन पद्धतींचीच नक्कल करतात. एअरबसची नक्कल केली की रिव्हर्स हा त्याच ॲक्सिसचा खालचा तुकडा होतो. बोइंगची केली की बहुतेकदा बटण होतं.

आधी लिव्हरला विचारा

सिम बंद ठेवा. विंडोजमध्ये रनची खिडकी उघडून ‘जेओवाय, टिंब, सीपीएल’ असं रोमन अक्षरांत टाइप करा. गेम कंट्रोलर्सची यादी येईल. तिथून क्वाड्रंटच्या प्रॉपर्टीजमध्ये जा. आता लिव्हर अगदी वरपासून अगदी खालपर्यंत सावकाश न्या आणि दोन गोष्टी बघा. आयडलच्या खाचेखाली गेल्यावर पट्टी हलतच राहते का? आणि त्याच वेळी एखादं बटण पेटतं का?

पट्टी हलत राहिली तर तुमचा लिव्हर आकड्यात रिव्हर्स सांगतो. थ्रस्टमास्टरचं टीसीए क्वाड्रंट, एअरबस आवृत्ती, या जातीचं: कड्या उचलून लिव्हर मागे घेतला की तोच ॲक्सिस आणखी खाली उतरतो.

पट्टी खाचेपाशी थांबली आणि बटण पेटलं तर तो बटणात सांगतो. हनीकोंबच्या ब्राव्हो क्वाड्रंटमध्ये लिव्हर खालच्या खाचेपलीकडे दाबला की बटण लागतं, आणि लिव्हर तिथे आहे तोवर ते दाबलेलंच राहतं. त्याच्या एअरलायनर लिव्हरवरच्या पुढच्या छोट्या मुठी ओढल्या तरी बटणच जातं. कितीही सावकाश ओढा, अर्धा रिव्हर्स असं काही तिथे नाही. दिसायला बोइंगसारखं असलं तरी आतून तो एक साधा स्विच आहे.

काही क्वाड्रंट दोन्ही पाठवतात, पट्टीही हलते आणि बटणही पेटतं. अशा वेळी दोन्ही जोडायचा मोह होतो. जोडू नका. दोन्ही जोडले की सिमला एकाच क्षणी दोन हुकूम मिळतात आणि रिव्हर्स लागतो-सुटतो-लागतो असा खेळ सुरू होतो.

दिसलेलं कागदावर लिहा: कोणता ॲक्सिस, खाचेपाशी पट्टी साधारण किती, बटणाचा क्रमांक कोणता. पुढे मेनूत हे आठवत नाही.

सिमला काय कळतं

मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये एक जुनी रीत चालत आली आहे. थ्रॉटल पूर्ण पुढे म्हणजे १६३८४, आयडल म्हणजे ०, आणि पूर्ण रिव्हर्स म्हणजे उणे ४०९६, म्हणजे पुढच्या मापाचा चौथा हिस्सा. हा चौथा हिस्सा विमानाच्या फाइलमधून येतो. इंजिनाच्या माहितीत ‘मिन थ्रॉटल लिमिट’ नावाची ओळ असते. जेटसाठी ती साधारणपणे उणे ०.२५ असते आणि सेसना १७२ सारख्या पिस्टन विमानासाठी ०. सेसनामध्ये रिव्हर्स लागत नाही म्हणून कोणी क्वाड्रंट परत करायला निघाला असेल तर त्याला थांबवा. त्या विमानात रिव्हर्स नाहीच.

आता नेहमीचा घोळ पाहा. समजा तुमचा लिव्हर एकूण ० ते १०२३ आकडे मोजतो आणि आयडलची खाच २५६ वर आहे. तुम्ही तो साधा थ्रॉटल म्हणून जोडला. सिमला तुमच्या प्लॅस्टिकच्या खाचेची काहीच कल्पना नाही. त्याच्या लेखी अगदी खालचं टोक म्हणजे आयडल. मग खाचेपाशी, तुमच्या मते आयडलला, लिव्हर ठेवलात की सिम पंचवीस टक्के जोर देतं. पार्किंग ब्रेक सोडताच विमान आपणहून पळायला लागतं. आणि कडी उचलून मागे ओढलात की रिव्हर्सऐवजी जोर उतरून खरा आयडल येतो. ‘रिव्हर्स लावल्यावरच विमान शांत होतं’ ही तक्रार ऐकली की शंभरातल्या नव्वद वेळा हेच असतं.

मेनूतल्या शब्दांनीही फसायला होतं. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये प्रत्येक ॲक्सिसशेजारी ‘रिव्हर्स ॲक्सिस’ अशी चौकट असते. तिचा रिव्हर्स थ्रस्टशी काडीचा संबंध नाही. ती ॲक्सिसची दिशा उलटी करते, पुढे ढकलल्यावर जोर कमी होत असेल तर ती टिचकी मारायची. नवखे लोक ती रिव्हर्ससाठी म्हणून टिचकवतात आणि मग टेकऑफलाच गोंधळ होतो.

ए३२० आणि खाचांचं क्वाड्रंट

बऱ्याच जणांकडे असलेली जोडी म्हणून टीसीए क्वाड्रंट आणि फ्लायबायवायर या गटाचं मोफत ए३२०निओ घेऊ. इतर चांगल्या एअरबसमध्ये पडदे वेगळे दिसतील, विचार हाच.

एअरबसच्या लिव्हरला खाचा आहेत: आयडल, क्लाइंब (चढण), फ्लेक्स (कमी जोराचा टेकऑफ), टोगा (टेकऑफचा पूर्ण जोर), आणि आयडलच्या मागे रिव्हर्स आयडल आणि पूर्ण रिव्हर्स. खऱ्या विमानात लिव्हर कोणत्या खाचेत आहे यावर ऑटोथ्रस्टचं, म्हणजे जोर आपोआप राखणाऱ्या यंत्रणेचं, वागणं ठरतं, म्हणून इथे ‘जवळपास’ चालत नाही.

सुरुवात कंट्रोल्सच्या पडद्यावरून करा. डावा लिव्हर ‘थ्रॉटल १ ॲक्सिस’ला आणि उजवा ‘थ्रॉटल २ ॲक्सिस’ला जोडा. त्याच नावापुढे ‘झिरो टू हंड्रेड पर्सेंट’ लिहिलेली दुसरी नोंद असते, ती घेऊ नका. मग सेन्सिटिव्हिटीमध्ये जाऊन वक्र सरळ रेषेत आणा आणि डेड झोन (लिव्हर हलला तरी सिम दुर्लक्ष करतं तो पट्टा) शून्य करा. हे महत्त्वाचं अशासाठी की खाचांची मोजणी विमान स्वतः करणार आहे. मध्ये सिमने वाकवलेला आकडा आला तर ती मोजणी बिघडते.

आता विमानात बसा, इंजिनं चालू असलेल्या स्थितीत, जमिनीवर. वैमानिकाशेजारच्या टॅबलेटमध्ये सेटिंग्ज, मग सिम ऑप्शन्स, मग थ्रॉटल डिटेंट्सचं कॅलिब्रेशन. ‘रिव्हर्सर ऑन ॲक्सिस’ चालू करा. दोन लिव्हर वेगवेगळे हवेत तर ‘इंडिपेंडंट ॲक्सिस’ही. लिव्हर हलवला की शेजारी आकडा बदलताना दिसेल. तो उणे १ पासून अधिक १ पर्यंत पूर्ण फिरला पाहिजे. अर्ध्यावरच थांबत असेल तर मागच्या पायरीत चुकीची नोंद जोडली गेली आहे. इथे डोकं फोडू नका, परत जा.

एकेक खाच घ्या, लिव्हर त्या खाचेत बसवा आणि ‘सेट फ्रॉम थ्रॉटल’ दाबा. विमान त्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना थोडी सूट ठेवून एक पट्टा बनवतं. समजा आयडलला आकडा उणे ०.४५ दिसतो आणि सूट ०.०५ आहे, तर उणे ०.५० ते उणे ०.४० इतका आयडलचा पट्टा. पट्टे एकमेकांवर चढता कामा नयेत. क्लाइंब, फ्लेक्स आणि टोगा तसे ऐसपैस असतात. गर्दी होते ती आयडल आणि रिव्हर्स आयडल यांच्यात, कारण कडी उचलल्यावरची पहिली जागा खाचेला अगदी चिकटून असते. तिथे सूट कमी करा, ०.०२ किंवा ०.०३ पुरते, आणि रिव्हर्स आयडलसाठी लिव्हर खाचेच्या किंचित जास्त मागे धरून आकडा घ्या.

पूर्ण रिव्हर्स घेताना लिव्हर टोकाला दाबून धरू नका. दाबल्यावर उणे १ दाखवणारा लिव्हर हात सैल केल्यावर उणे ०.९७ वर येतो. पट्टा उणे १ ते उणे ०.९५ असा ठेवा, म्हणजे धावपट्टीवर घाईत असताना पूर्ण रिव्हर्स नक्की लागेल. ‘सेव्ह अँड अप्लाय’ दाबायला विसरू नका. नुसतं सेव्ह करून बाहेर पडणारे पुष्कळ आहेत.

बटणवाल्यांसाठी

बटणाला जोडता येतील अशा तीन तऱ्हेच्या कमांड असतात. कोणती घेतली यावर सगळा स्वभाव ठरतो.

‘होल्ड थ्रॉटल रिव्हर्स थ्रस्ट’: बटण दाबलेलं असेपर्यंत रिव्हर्स, सोडलं की आयडल. ब्राव्होसारख्या, खाचेखाली बटण धरून ठेवणाऱ्या लिव्हरला हीच योग्य. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिममध्येही रिव्हर्स पूर्ण धरून ठेवणारी अशीच कमांड आहे.

‘टॉगल थ्रॉटल रिव्हर्स थ्रस्ट’: एकदा दाबलं की रिव्हर्सची अवस्था चालू, पुन्हा दाबलं की बंद. चालू असताना थ्रॉटल पुढे ढकललात की रिव्हर्सचा जोर वाढतो. स्वतंत्र छोट्या बटणाला ही उत्तम, कारण अर्धा रिव्हर्सही मिळतो. पण खाचेखालच्या बटणाला ही जोडली की सापळा होतो. लिव्हर खाली गेला, बटण दाबलं गेलं, रिव्हर्स चालू. लिव्हर वर आला, बटण सुटलं. पण टॉगलला सुटण्याशी देणंघेणं नाही. सिमच्या लेखी अजून रिव्हर्सच. आता टॅक्सीसाठी थ्रॉटल पुढे केलात की विमान मागे सरकतं. रिव्हर्स सुटत नाही म्हणतात तो हाच प्रकार. उपाय दोन: होल्ड वापरा, किंवा एफएसयूआयपीसी वा स्पॅड नेक्स्ट यांसारख्या मधल्या सॉफ्टवेअरमधून बटण सुटतानाही एक हुकूम पाठवा.

तिसरी तऱ्हा ‘डिक्रीज थ्रॉटल’, म्हणजे कीबोर्डवरची एफ २. आयडलला असताना ती दाबून धरली की थ्रॉटल पायरीपायरीने रिव्हर्समध्ये उतरतो. सोडल्यावर आपणहून वर येत नाही. एफ १ ने आयडलला आणावा लागतो. जुन्या सिममध्ये हीच नेहमीची वाट होती. तिचा शत्रू म्हणजे थरथरणारा ॲक्सिस. तुम्ही एफ २ धरून रिव्हर्स लावता, तेवढ्यात लिव्हरच्या पोटेन्शिओमीटरमधून (लिव्हरची जागा मोजणाऱ्या सुट्या भागातून) एक-दोन आकड्यांची फडफड येते, सिमला वाटतं लिव्हर हलला, आणि ते थ्रॉटल परत आयडलला आणतं. रिव्हर्स क्षणभर लागून सुटत असेल तर पहिला संशय याच्यावर घ्या. विमान स्वतः खाचा मोजत नसेल तर ॲक्सिसला खालच्या टोकाशी दोन-तीन टक्के डेड झोन द्या.

एफएसयूआयपीसी वापरणाऱ्यांना आणखी एक सोय आहे. तिथे थ्रॉटलची रिव्हर्स, आयडल आणि कमाल अशी तीन ठिकाणं वेगवेगळी नोंदवता येतात, आणि आयडल हा बिंदू न राहता पट्टा होतो. रिव्हर्स पट्टा नको असेल तर ‘नो रिव्हर्स झोन’ची चौकट आहे. ती टिचकवलेली असेल तर तुम्ही कितीही मागे ओढा, शून्याखाली काही जायचं नाही.

स्वतः बनवत असाल तर

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत एक फेरी मारली की सामान मिळतं: आर्डुइनो लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो (प्रोग्राम करता येणारे छोटे बोर्ड), दर लिव्हरमागे दहा किलो-ओहमचा एक पोटेन्शिओमीटर आणि चाकवाला एक मायक्रोस्विच. लिओनार्डो आणि प्रो मायक्रो अशासाठी, की त्यांची चिप यूएसबीवर स्वतःला जॉयस्टिक म्हणून थेट सांगू शकते. आर्डुइनो ऊनोला ते सरळपणे जमत नाही.

पोटेन्शिओमीटरवर ‘बी’ लिहिलेलं असावं, म्हणजे रेषीय. ‘ए’ लिहिलेला आवाजाच्या बटणासाठीचा असतो. त्याने चालीच्या एका टोकाला आकडे गर्दी करतात आणि नेमका आयडलपाशी लिव्हर भरवशाचा राहत नाही. मधली पिन ॲनालॉग इनपुटला, कडेच्या दोन ५ व्होल्ट आणि ग्राउंडला. आकडे फडफडत असतील तर मधली पिन आणि ग्राउंड यांच्यात ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, बराच फरक पडतो.

मायक्रोस्विचची कॉमन आणि ‘नॉर्मली ओपन’ ही टोकं वापरा आणि तो आयडलच्या खाचेखाली असा बसवा की कडी उचलून लिव्हर मागे गेल्यावरच चाक दबेल. लिव्हर खाचेत असताना चाक नुसतं टेकलेलं असेल तर टेबलाला धक्का लागला तरी रिव्हर्स लागेल; दोन-तीन मिलिमीटर मोकळे ठेवा.

क्वाड्रंटच नाही, जॉयस्टिकच्या बुडाशी एक छोटा स्लायडर एवढंच आहे, अशांनी त्या स्लायडरचे रिव्हर्ससाठी तुकडे करू नयेत. चाल इतकी थोडी असते की आयडल सापडत नाही. बोटाशी येणारं एक बटण होल्डला द्या आणि मोकळे व्हा.

पंखा फिरवणारी विमानं

टर्बोप्रॉपमध्ये, म्हणजे टर्बाइन इंजिनाने प्रॉपेलर फिरवणाऱ्या विमानात, दारं वगैरे काही नसतं. प्रॉपेलरच्या पात्यांचा कोन बदलतो, आधी सपाट होतो आणि मग उलटा. आयडलपासून उलट्या कोनापर्यंतच्या मधल्या पट्ट्याला बीटा म्हणतात, आणि जमिनीवर टॅक्सी करताना वेग आवरायला तो सतत लागतो. म्हणूनच टीबीएम, किंग एअर, कॅराव्हॅन किंवा एटीआर उडवणाऱ्याला बटणाचा ‘सगळं किंवा काहीच नाही’ रिव्हर्स फारसा उपयोगी पडत नाही. इथे ॲक्सिसवरचाच रिव्हर्स हवा. एक्स-प्लेनमध्ये बीटा आणि रिव्हर्स या दोन वेगळ्या टॉगल कमांड आहेत; टर्बोप्रॉपला रिव्हर्सची जोडली आणि बीटाची राहिली असं होऊ देऊ नका.

यासाठी दर जातीच्या विमानाला वेगळं प्रोफाइल लागतं: एक एअरबससाठी, एक टर्बोप्रॉपसाठी, एक सेसनासाठी. २०२० च्या मायक्रोसॉफ्ट सिममध्ये ते हाताने बदलावं लागतं. २०२४ च्या सिममध्ये विशिष्ट विमानाला विशिष्ट जोडण्या बांधता येतात, आणि त्या आवृत्तीतली ही खरोखर मनापासून आवडावी अशी सुधारणा आहे.

जमिनीवर तपासा, हवेत नाही

चांगल्या मॉडेलमध्ये हवेत रिव्हर्स लागत नाही, आणि इंजिन बंद असेल तर दारं उघडायला हायड्रॉलिक दाब नसतो. त्यामुळे बंद विमानात बसून लिव्हर ओढत राहिलात तर सगळं बरोबर असूनही काही दिसणार नाही. इंजिनं चालू करा, पार्किंग ब्रेक लावा, बाहेरचा कॅमेरा इंजिनाकडे फिरवा. ए३२० मध्ये इंजिनाच्या मापकात ‘आरईव्ही’ अक्षरं आधी पिवळसर येतात, म्हणजे दारं हलताहेत, आणि दोनेक सेकंदांत हिरवी होतात, म्हणजे पूर्ण उघडली. ७३७ मध्येही तसंच. एकाच इंजिनाचं हिरवं झालं तर दुसऱ्या लिव्हरचा पट्टा चुकला आहे.

उतरताना आणखी एक फुकटचा साक्षीदार असतो. एअरबस जमिनीपासून २० फुटांवर ‘रिटार्ड’ म्हणायला लागते आणि लिव्हर आयडलला आले की गप्प होते. लिव्हर खाचेत असूनही ती म्हणतच राहिली, तर तुमचा आयडल तिच्या लेखी आयडल नाही.

याकडे काणाडोळा करू नये, कारण एअरबसचे ग्राउंड स्पॉयलर, म्हणजे टेकल्यावर पंखांवर उभ्या राहून वेग उतरवणाऱ्या झडपा, लिव्हरवर अवलंबून असतात. १७ जुलै २००७ ला साओ पाउलोच्या काँगोन्यास विमानतळावर टीएएमचं ए३२० ओल्या धावपट्टीवर उतरलं. एका इंजिनाचा रिव्हर्सर आधीच बंद ठेवलेला होता, आणि त्याचा लिव्हर क्लाइंबच्या जागीच राहिला. स्पॉयलर उघडले नाहीत, ते इंजिन पुढे ढकलत राहिलं, आणि १९९ माणसं गेली. सिममध्ये एका ॲक्सिसची नुसती फडफड किंवा चुकलेला पट्टा हीच अवस्था बनवतो. स्पॉयलर उघडत नाहीत म्हणून लोक स्पॉयलरच्या जोडण्या तपासत बसतात, आणि चूक थ्रॉटलमध्ये असते.

एवढं करूनही जोर मधूनच उसळत असेल तर दुसरं एखादं यंत्र थ्रॉटलवर बसलं आहे का बघा. नवीन जॉयस्टिक किंवा एक्सबॉक्सचा कंट्रोलर लावला की सिम आपणहून त्यालाही थ्रॉटल जोडून ठेवतं. प्रत्येक यंत्राचा पडदा उघडून तिथली जोडणी काढा.

धावपट्टीवर

चाकं टेकली, की लगेच कड्या उचलून लिव्हर मागे. ए३२० मध्ये ७० नॉटला रिव्हर्स आयडलवर यायचं, ७३७ मध्ये ६० नॉटपासून कमी करायला लागायचं, आणि टॅक्सीच्या वेगाला दारं बंद. कमी वेगात जोरदार रिव्हर्स ठेवला तर पुढे फेकलेली हवा आणि धावपट्टीवरचा कचरा इंजिन पुन्हा आत ओढतं. रिव्हर्स एकदा लावला की उतरणं पूर्णच करायचं, पुन्हा उडायचं नाही. २२ मे २०१० ला मंगळूरला एअर इंडिया एक्सप्रेसच्या ७३७ ने रिव्हर्स लावल्यानंतर पुन्हा उडायचा प्रयत्न केला होता. १५८ जण दगावले.

सरावाला पुणे चांगलं. धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटर, म्हणजे ए३२० ला पुरेशी पण ऐसपैस नाही. एकदा पूर्ण रिव्हर्स लावून आणि एकदा नुसत्या रिव्हर्स आयडलवर उतरून बघा, ऑटोब्रेक दोन्ही वेळा ‘लो’. थांबायच्या अंतरात फार फरक पडणार नाही, कारण ऑटोब्रेक ठरलेल्या दरानेच वेग उतरवतो. रिव्हर्स जास्त तर ब्रेक कमी लागतात. फरक ब्रेकच्या तापमानात दिसेल. खालच्या पडद्यावर चाकांचं पान उघडा आणि दोन्ही वेळचे आकडे लिहून ठेवा.